बेसआधीचे दहा फूट

सॉफ्टबॉलच्या मैदानात एका बेसपासून पुढच्या बेसपर्यंतचं अंतर ६० फूट, म्हणजे १८.२९ मीटर असतं. चौदा-पंधरा वर्षांची चपळ मुलगी ते तीन-साडेतीन सेकंदांत कापते. पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत तिला बेस सोडता येत नाही. चेंडू सुटला की पहिल्या बेसवरची मुलगी दुसऱ्या बेसकडे निघते; यालाच बेस चोरणं म्हणतात. तेवढ्यात चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये गेलेला असतो आणि कॅचर उठून तो दुसऱ्या बेसकडे फेकते. कॅचर बसते त्या होमपासून दुसरा बेस तिरक्या रेषेत जवळजवळ ८५ फुटांवर. मुलगी आणि चेंडू साधारण एकाच वेळी पोहोचतात, आणि बेसपाशी उभी असलेली प्रतिस्पर्धी मुलगी ग्लोव्ह खाली आणून टॅग करायला, म्हणजे चेंडूसह ग्लोव्ह तिला टेकवायला, टपलेली असते.

त्या क्षणी धावणाऱ्या मुलीसमोर एक पेच असतो. वेग कमी केला तर चेंडू आधी पोहोचणार. वेग तसाच ठेवला तर ती बेस ओलांडून पुढे जाणार, आणि बेस सुटलेला असताना टॅग झाली की आऊट. पहिल्या बेसवर धावत पुढे निघून जायची मुभा असते, दुसऱ्या आणि तिसऱ्यावर नसते. या पेचावर खेळानं शोधलेला उपाय म्हणजे स्लाइड. पूर्ण वेगात येऊन बेसच्या आठ-दहा फूट आधी खाली बसायचं, घसरत जायचं आणि पाय बेसला टेकवून थांबायचं. अंग जमिनीलगत गेल्यामुळे टॅग करणाऱ्या हातालाही खाली वाकावं लागतं आणि तिथे एखादा क्षण मिळतो.

महाराष्ट्रात हा खेळ शालेय स्पर्धांच्या वाटेनं गावोगाव पोहोचला. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालच्या गटांत खानदेशातल्या, विदर्भातल्या, मराठवाड्यातल्या शाळा संघ उतरवतात. मराठी माध्यमाच्या साध्या शाळांतल्या मुली राज्य पातळीपर्यंत जातात. फेक चांगली असते, धाव चांगली असते. पण अशा सामन्यांत दुसऱ्या बेसपाशी उभं राहून पाहिलं की एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. पन्नास फूट वाऱ्यासारखी आलेली मुलगी शेवटच्या दहा फुटांत डळमळते. कुणी पावलं आखडते. कुणी दोन्ही पायांनी उडी मारून बेसवर आदळते. कुणी अगदी शेवटी, बेस हातभरावर आलेला असताना खाली बसते, हात मागे टेकवते आणि मनगट धरून उठते. तिच्या चेहऱ्यावर ‘मारू की नको’ हा प्रश्न दुरूनही वाचता येतो.

मला या लेखात सांगायचं आहे ते या प्रश्नाबद्दल. मुलींना होणाऱ्या दुखापतींचं खापर आपण स्लाइडवर फोडतो आणि काही शाळांत तर ‘स्लाइड मारायची नाही’ असा दंडकच असतो. पण मुलीला सर्वांत जास्त लागतं ते अर्धवट मारलेल्या स्लाइडमध्ये. आणि अर्धवट मारायची वेळ तिच्यावर येते, कारण स्लाइड तिला कुणी शिकवलेलीच नसते. पहिली स्लाइड ती सामन्यात मारते, कडक मुरमावर, खिळे ठोकून पक्क्या केलेल्या बेसवर, हाफ पँटमध्ये. यातली एकही गोष्ट तिनं ठरवलेली नसते.

त्यात ती मुलगी. चालायला लागल्यापासून तिनं सर्वाधिक ऐकलेला शब्द ‘पडशील’ हा असतो. गुडघा फुटला तर मुलाला ‘काही होत नाही’ म्हणणारं घर मुलीला डाग राहील म्हणून धास्तावतं. तेव्हा सॉफ्टबॉल शिकवणाऱ्या माणसाला तंत्राच्या आधी ही भीती हाताळावी लागते, आणि भीती ओरडून जात नाही. ‘घाबरतेस काय, मार!’ असं सीमारेषेबाहेरून सांगणाऱ्या प्रशिक्षकाला मी मनापासून विरोध करीन. ती भीती खरी आहे. जमीन खरंच कडक आहे. मुलीच्या शरीराला पडणं ओळखीचं झालं की भीती हळूहळू सुटते, आणि त्यासाठी वेळ द्यावा लागतो.

मुली पडल्या, लागलं, तरी खेळल्या याचं एक मोठं उदाहरण या खेळाच्या इतिहासातच आहे. सॉफ्टबॉलचा जन्म १८८७ सालचा, शिकागोतल्या फॅरागट बोट क्लबमधला, आणि तोही सभागृहात. बॉक्सिंगच्या ग्लोव्हची मोट बांधून केलेला चेंडू आणि काठी एवढ्यावर पहिला खेळ रंगला. पुढे १९४३ मध्ये, महायुद्धामुळे पुरुष खेळाडू सैन्यात जाऊ लागले तेव्हा, च्युइंगगमचे कारखानदार फिलिप रिगली यांनी अमेरिकेत मुलींची व्यावसायिक लीग सुरू केली. सुरुवातीला तिचे नियम सॉफ्टबॉलच्या जवळचे होते: मोठा चेंडू आणि खालून फेक. बेस चोरायचे, स्लाइड मारायची आणि गणवेश म्हणून घालायचा आखूड झगा. रसीन शहराच्या संघातल्या सोफी कुरीस हिनं १९४६ च्या एका हंगामात २०१ बेस चोरले. या लीगमधल्या मुलींच्या उघड्या मांड्या सोलवटून निघायच्या, जखम भरायच्या आधी त्याच जागी पुन्हा लागायचं. झगा त्यांनी निवडला नव्हता. बाई मैदानातही बाईसारखी दिसली पाहिजे, असा मालकांचा आग्रह होता. मला या इतिहासात कुरीसच्या धाडसाइतकंच महत्त्वाचं वाटतं ते हे की तिच्या अंगावरच्या बऱ्याचशा जखमा एका लांब पँटनं टळल्या असत्या. आपल्याकडेही मुलींच्या किटचा विचार रंगापाशी थांबतो. गुडघ्याखाली जाणारी जाड पँट, आत घट्ट बसणारी चड्डी, लांब मोजे, जमलं तर गुडघ्याची पट्टी, एवढं घातलेली मुलगी पहिल्याच दिवशी वेगळ्या धिटाईनं खाली बसते.

आता प्रत्यक्ष शिकवणं. इथे आपल्या मुलींकडे एक अशी ठेव आहे, जिच्याकडे परदेशी पुस्तकांतून शिकलेला प्रशिक्षक दुर्लक्ष करू शकतो. सॉफ्टबॉलमधली सर्वांत सुरक्षित समजली जाणारी स्लाइड पायांनी मारायची असते. एक पाय पुढे, दुसरा दुमडून त्या पायाच्या गुडघ्याखाली. पंगतीला मांडी घालून बसलेल्या मुलीनं वरचा पाय पुढे पसरला तर जी बैठक होते, ती हीच. खुर्चीवर वाढलेल्या मुलांना ही घडी शिकवावी लागते, आपल्या मुलींच्या अंगात ती असते.

म्हणून पहिल्या दिवशी धावायचंच नाही. सगळ्या मुलींना जमिनीवर बसवायचं आणि एक पाय पुढे करायला सांगायचं. प्रत्येकीचा कुठला पाय आपसूक खाली दुमडला जातो ते बघायचं, आणि तोच तिचा पाय. उजवा की डावा यावर वाद घालायचा नाही. मग त्याच बैठकीत मागे रेलायचं, हनुवटी छातीकडे, म्हणजे डोकं मागे आपटणार नाही. हात वर, खांद्यांच्या आसपास, आणि मुठीत थोडंसं गवत किंवा कागदाचा बोळा. हा बोळा फार कामाचा. पडताना हात मागे टेकवणं ही माणसाची उपजत सवय आहे आणि मनगट मोडतं ते त्यातूनच. मूठ बंद असली आणि ‘गवत सोडायचं नाही’ एवढंच काम मुलीला दिलं, की हात आपोआप वर राहतात. ‘हात टेकवू नकोस’ असं दहा वेळा सांगून जे साधत नाही ते यातून साधतं.

पुढच्या पायाचा गुडघा किंचित वाकलेला हवा आणि टाच जमिनीपासून वीतभर वर. ताठ पाय आणि जमिनीत रुतलेली टाच हा या खेळातला सर्वांत वाईट जोड आहे, कारण पाय थांबतो आणि अंग थांबत नाही. क्रिकेट पाहणाऱ्यांना याचं उदाहरण आठवत असेल. नोव्हेंबर २००२ मध्ये ब्रिस्बेनच्या कसोटीच्या पहिल्याच दिवशी इंग्लंडचा वेगवान गोलंदाज सायमन जोन्स चेंडू अडवायला घसरला, गुडघा गवतात अडकला आणि त्याच्या गुडघ्यातला स्नायुबंध तुटला. सीमारेषेवर घसरणारे क्षेत्ररक्षक जवळपास हीच स्लाइड मारतात. तो तर कसलेला खेळाडू होता, आणि जमीन हिरवळीची होती.

बसण्याची घडी जमली की उभं राहून दोन-चार पावलांतून खाली जायचं, आणि तेही नुसत्या मोज्यांवर किंवा साध्या कापडी बुटांत. स्लाइड शिकताना स्पाइक्स नकोत, या नियमाला मी अपवाद करणार नाही. जागा कुठली निवडायची, हा पुढचा प्रश्न. बरेच जण लांब उडीच्या खड्ड्याकडे वळतात, वाळू मऊ म्हणून. पण वाळूत पाय रुततो, घसरण होत नाही, आणि मुलगी उडी मारून आपटायला शिकते. त्यापेक्षा ओलं गवत कितीतरी चांगलं. गवत नसेल तर खाली पोती किंवा जुन्या गाद्या, वर मोठी ताडपत्री ताणून तिच्यावर बादलीभर पाणी. थोडं साबणाचं पाणी ओतलं तर मुलींना तिथून उठवणं अवघड होतं, मग बाजूला उभ्या असलेल्या सर्वांत भित्र्या मुलीलाही आपली पाळी कधी येते असं होतं. भीतीवर मला माहीत असलेला हा सर्वांत खात्रीचा इलाज आहे.

याचा एक अर्थ असा की महाराष्ट्रात स्लाइड शिकवायचा हंगाम पावसाळा आहे. जूनच्या अखेरीस शाळेच्या मैदानावर गवत उगवतं, माती भिजलेली असते. त्याच वेळी बहुतेक शाळांत सराव बंद असतो, ‘मैदान ओलं आहे’ म्हणून. मग पाऊस सरतो, स्पर्धांची पत्रकं येतात, आणि विटेसारख्या कडक जमिनीवर घाईघाईत संघ उभा राहतो. जुलै-ऑगस्टमधले आठवड्यातले दोन दिवस स्लाइडसाठी राखले, तर दिवाळीनंतरच्या सामन्यांत वेगळ्याच मुली दिसतील.

ताडपत्रीवर हळूहळू वेग वाढवायचा. इथे मुख्य चूक दिसते ती उडीची. मुलीला वाटतं बेसवर झेप घ्यायची आहे. झेप घेतली की ती वरून खाली आपटते, आणि सगळा भार कुल्ल्याच्या किंवा माकडहाडाच्या एका बिंदूवर येतो. उडी न मारता धावताधावता बसलं, की भार दुमडलेल्या पायाची पोटरी, मांडीची बाहेरची बाजू आणि कुल्ला यांवर पसरतो. आडवी दोरी कमरेच्या उंचीवर धरून तिच्याखालून स्लाइड मारायला लावली तर उडीची खोड लवकर मोडते. आणि सूचना एकच, आखूड हवी: ‘बस!’ धावणाऱ्या मुलीला ‘गुडघा वाकव, हनुवटी आत, हात वर’ अशी यादी ऐकू येत नाही.

शेवटी बेस आणायचा, पण सुटा. आणि बेसच्या आधी कुठे बसायचं याची फक्कीनं रेघ मारायची. दीड मीटर उंचीच्या मुलीला साधारण अडीच ते तीन मीटर पुरतात. कडक मैदानावर घसरण लवकर थांबते, ओल्यावर लांबते. म्हणून सामन्याआधी दोन-तीन स्लाइड मारून जमीन जोखायची सवय लावावी. रेघेचा खरा उपयोग निर्णयासाठी आहे. रेघ ओलांडेपर्यंत ठरवायचं, आणि एकदा ठरवलं की बदलायचं नाही. स्लाइड मारायची ठरवली आणि चेंडू आलाच नाही, तरी मारायची. उभं राहायचं ठरवलं आणि चेंडू अचानक आला, तर आऊट व्हायचं. सरावात हे मुलींकडून वदवून घ्यावं आणि सामन्यात त्याप्रमाणे आऊट झालेल्या मुलीला रागावू नये. तिला रागावलं की पुढच्या वेळी ती रेघेच्या पुढे जाऊन मन बदलणार, आणि घोटा मुरगळणार.

डोकं पुढे करून मारलेली स्लाइड हा मोठ्या वादाचा विषय आहे. आपल्या मुली ती न शिकवता मारतात, कारण त्या खो-खोतून आलेल्या असतात. खो-खोतला सूर त्यांच्या अंगात भिनलेला असतो, शिवाय क्रिकेटमध्ये क्रीजकडे झेपावणारे फलंदाज त्यांनी टीव्हीवर पाहिलेले असतात. पण खो-खोत सूर मारणाऱ्या मुलीसमोर पळणारी पाठ असते, आणि क्रीजपाशी नुसती रेघ असते. सॉफ्टबॉलमध्ये समोर जमिनीत रोवलेला बेस असतो, आणि त्यावर पाय रोवून, गुडघा वाकवून उभी असलेली दुसरी मुलगी. बोटं, मनगट, खांदा आणि डोकं सगळं पहिल्यांदा तिथे पोहोचतं. अमेरिकेतल्या लिटल लीगमध्ये बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना पुढच्या बेसकडे जाताना डोकं पुढे करून स्लाइड मारता येत नाही, मारली तर पंच आऊट देतात. निघालेल्या बेसकडे परत येताना तेवढी चालते. आपल्या चौदा वर्षांखालच्या गटासाठी हा नियम शाळांनी आपणहून पाळावा असं मला ठामपणे वाटतं. मोठ्या मुलींना शिकवायची असेल, तर पायांची स्लाइड पक्की झाल्यावर.

आतापर्यंत मुलींनी काय करायचं ते सांगितलं. पण या विषयावरचं मला सर्वांत बोलकं वाटणारं संशोधन मुलींच्या तंत्राबद्दल नाहीच, ते बेसबद्दल आहे. मिशिगन राज्यातल्या अ‍ॅन आर्बर इथे डेव्हिड जांडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हौशी सॉफ्टबॉल सामन्यांत दोन प्रकारचे बेस वापरून पाहिले. काही मैदानांवर नेहमीचे जमिनीत पक्के केलेले, काहींवर धक्का लागला की आपल्या खुंटीवरून निघून येणारे. १९८८ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पक्क्या बेसवरच्या ६२७ सामन्यांत स्लाइडच्या ४५ दुखापती. निघणाऱ्या बेसवरच्या ६३३ सामन्यांत २. खेळाडू तसेच, खेळ तोच, हौशी माणसांचं तंत्रही तसंच कच्चं. फरक एवढाच की चूक झाली तेव्हा घोट्याऐवजी बेस हलला. लिटल लीगनं २००८ पासून असे बेस सक्तीचे केले.

असे बेस महाग असतात आणि प्रत्येक शाळा ते घेऊ शकणार नाही, हे खरं. पण सरावासाठी तरी बेस ठोकायचा हट्ट का? रबरी चटईचा चौकोनी तुकडा किंवा घडी घातलेलं गोणपाट स्लाइडच्या सरावाला पुरतं. फक्त बेसवर पाय ठेवून वळण घ्यायच्या सरावात सुटा तुकडा वापरू नये, तो पायाखालून सटकतो. जिल्हा स्पर्धांच्या आयोजकांनी निघणाऱ्या बेसचा एक संच घेतला तर तो वर्षानुवर्षं सगळ्या शाळांच्या उपयोगी पडेल. पाहुण्यांच्या सत्कारावरचा खर्च थोडा आवरला तर हे अशक्य नाही. पहिल्या बेसपाशी पांढरा आणि केशरी असा जोडबेस लावण्याची पद्धतही अशीच सोपी आहे. बचाव करणारी मुलगी पांढऱ्या भागावर, धावणारी केशरीवर, आणि दोघींचे पाय एकमेकींत अडकत नाहीत. पहिल्या बेसवर स्लाइड मारू नये हेही मुलींना सांगायला हवं. तिथे धावत पुढे जाणंच जलद.

इतकं करूनही लागणार. खरचटणं तर ठरलेलं. त्यावर मैदानातली माती दाबणं, तंबाखू किंवा चुना लावणं हे अजूनही चालतं आणि ते थांबवायला हवं. वाहत्या स्वच्छ पाण्यानं आणि साबणानं जखम धुवायची, खडे निघेपर्यंत धुवायची, मग स्वच्छ झाकायची, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते पालकांना विचारायचं. घोटा किंवा मनगट सुजलं तर ‘मुरगळलंय, चालून बघ’ हा सल्ला मुलांच्या बाबतीत धोक्याचा आहे. वाढत्या वयात हाडांच्या टोकांपाशी वाढीची कूर्चा असते, आणि ती आजूबाजूच्या स्नायुबंधांपेक्षा कमजोर असते. मोठ्या माणसाचा जिथे नुसता घोटा मुरगळतो तिथे तेरा वर्षांच्या मुलीची ही कूर्चा दुखावू शकते. हाडावर बोट ठेवल्यावर दुखत असेल किंवा पाय टेकवता येत नसेल, तर चोळू नका, डॉक्टरांकडे न्या आणि एक्स-रे काढा. डोक्याला मार लागला, चक्कर आली, उलटी झाली किंवा मुलगी गोंधळल्यासारखी वाटली, तर त्या दिवशी तिला पुन्हा मैदानात उतरवायचं नाही आणि दवाखान्यात न्यायचं, मग सामना अंतिम का असेना.

आणखी एका मुलीबद्दल बोललं जात नाही, ती म्हणजे बेसवर उभी असलेली. स्लाइड मारणारीची निम्मी सुरक्षितता तिच्या पायांत असते. चेंडू हातात नसताना धावणारीची वाट अडवणं नियमानं चूक आहे, त्याबद्दल पंच धावणारीला बेस देतात. तरी सरावात बचाव करणाऱ्या मुलींना बेसच्या मधोमध, धावणारीच्या वाटेतच उभं राहायला शिकवलं जातं, ‘अडव तिला’ म्हणून. खरं तर तिनं बेसच्या कडेला उभं राहावं, धावणारीला बेसची पुढची बाजू दिसेल असं. चेंडू आला की ग्लोव्ह बेसच्या पुढे जमिनीलगत न्यावा, म्हणजे पाय आपणहून टॅगमध्ये येतो, आणि टॅग झाला की ग्लोव्ह लगेच वर घ्यावा. गुडघा टेकवून बेस झाकायचा नाही. यासाठी स्लाइडच्या सरावात मुलींच्या जागा सतत बदलाव्यात. धावणारीनं पुढच्या फेरीत बेसवर उभं राहावं आणि बेसवरच्या मुलीनं ताडपत्रीच्या टोकाला रांगेत जावं.